कापलेल्या कडा

विलो फोर्कमध्ये कोणी गेलं की पहिला फोन बिशपला जायचा आणि दुसरा अर्वेला मिकल्सनला. बिशप प्रार्थनेचं बघायचा. एरवी तो लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवायचा. अर्वेला टेबलाचं बघायची.

चर्चच्या मोठ्या खोलीत शवपेटीच्या अलीकडे एक लांब टेबल मांडलेलं असतं. अंत्यदर्शनाला आलेले लोक रांगेने आधी टेबलापाशी येतात आणि मग पेटीकडे सरकतात. टेबलावर गेलेल्या माणसाचं आयुष्य मांडायचं: त्याचा बेसबॉलचा हातमोजा, तिने शिवलेली गोधडी, शिकारीत मिळालेली हरणाची शिंगं, आणि मधोमध फोटोंचा अल्बम. सबंध सॅनपीट खोऱ्यात ह्या कामात अर्वेलाचा हात धरणारं कोणी नव्हतं. ऑर्लिन पेचने जन्मभर बायकोवर डाफरण्यापलीकडे काही केलं नव्हतं, पण अर्वेलाच्या अल्बममध्ये तो नातवंडांना खांद्यावर घेऊन असा काही हसत होता की त्याच्या विधवेने दोनदा पान उलटून खात्री करून घेतली.

हे वेड तिला उगाच लागलं नव्हतं. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. आईचा म्हणून घरात एकच फोटो होता. त्यात मेंढ्यांच्या कुंपणापाशी तीन बायका उभ्या होत्या आणि मागे कोणाचंही नाव लिहिलेलं नव्हतं. बाप म्हणायचा डावीकडची, आत्या म्हणायची मधली. दोघंही मरेपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. तेव्हापासून अर्वेलाच्या हातातून गेलेला एकही फोटो मागे पेन्सिलीने नावं लिहिल्याशिवाय सुटला नाही. बरोबर मधोमध, डावीकडून उजवीकडे, तारखेसकट.

तिच्या घरी एक्केचाळीस अल्बम होते. दर गुरुवारी दुपारी चर्चमधल्या सात-आठ बायका आपापले फोटो घेऊन तिच्याकडे जमायच्या. कागद पिवळा न पडणारा हवा, गोंद फोटो न खाणारा हवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कात्री चालवायला घाबरायचं नाही, हे ती नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगायची. फोटोत आलं म्हणून सगळं ठेवायला आपण काही पोलीस नाही, असं तिचं म्हणणं. कचऱ्याचा डबा, परक्याची पाठ, शेजाऱ्याची गाडी, सगळं उडवायचं. नणंदेचा पहिला नवरा तर तिने इतक्या सफाईने काढला होता की तो कुठे उभा होता हे खुद्द नणंदेला आठवेना.

थेन तिचं शेंडेफळ. एकोणीस वर्षांचा झाल्यावर इथली पोरं जातात तसा तोही काळा सूट आणि छातीवर नावाची पट्टी लावून दोन वर्षांच्या धर्मसेवेला गेला, दूर चिलीला. अर्वेलाने आधीच चोवीस पानांचा अल्बम तयार करून ठेवला होता, महिन्याला एक पान. पाच पानं भरली आणि थेन परत आला.

विमानतळावर फुगे नव्हते, फलक नव्हते. दुसऱ्या दिवशी न्याहारीला तो म्हणाला, "जे मला स्वतःला पटत नाही, ते मी दारोदार सांगत कसा फिरू, आई?" त्याचा बाप डॉर्विन मान खाली घालून अंड्यावर मीठ टाकत राहिला, खारट होईपर्यंत. चर्चमधलं कोणी एक वावगा शब्द बोललं नाही. बायका नुसत्या अर्वेलाला विचारायच्या, "थेन कसा आहे आता?" आणि ते त्या आजाऱ्याची चौकशी करावी त्या सुरात विचारायच्या. त्या सुराने तिचा जीव अर्धा व्हायचा.

पुढे थेन डोंगरापलीकडे राहायला गेला. टर्की पक्ष्यांचं मांस भरणाऱ्या कारखान्यात कामाला लागला आणि जोलीन नावाच्या घटस्फोटित बाईबरोबर, लग्न न करता, राहू लागला. ती बाई चर्चला वर्ज्य असलेली कॉफी प्यायची, सिगारेट ओढायची आणि रविवारी दहापर्यंत झोपायची. थेन घरी यायचा तो वर्षातून दोनदा, नाताळला आणि चोवीस जुलैच्या सणाला, एकटाच. जेवण झालं की सगळं कुटुंब ओसरीच्या पायऱ्यांवर उभं राहायचं आणि फोटो निघायचा. आठवड्याभरात तो फोटो अल्बममध्ये जायचा. मागे नावं सगळ्यांची असायची. पुढे थेन नसायचा.

रागाने कापलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. तिला राग नव्हताच. नातवंडं उद्या अल्बम उघडतील, हा मामा कोण म्हणून विचारतील, मग तो चर्चला का येत नाही, ती बाई कोण, हे सगळं निघेल, आणि आपल्याला उत्तर देता येणार नाही, एवढाच तिचा हिशेब होता. शिवाय लाज होती. पण ती लाज आहे असं तिला वाटायचं नाही, काळजी आहे असं वाटायचं. थेन नेमका दर वेळी टोकाला उभा असायचा, त्यामुळे कात्रीची एक सरळ रेघ पुरायची. त्याचा एखादा हात किंवा पाय शेजारच्यावर आलाच, तर त्यावर कागदी फूल चिकटवलं की भागायचं. निगेटिव्ह कापता येत नाही, म्हणून त्या वर्षांच्या निगेटिव्ह तिने परसातल्या पिंपात जाळल्या. पुढे डिजिटल कॅमेरा आला तेव्हा तर काम आणखी सोपं झालं: पडद्यावर चौकट आत ओढायची आणि तेवढंच साठवायचं.

अकरा वर्षं असं चाललं. मग २००९च्या फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी कामावर जाताना घाटात बर्फावरून थेनचा ट्रक घसरला. तो तीस वर्षांचा होता. पहिला फोन बिशपला गेला. दुसरा कोणाला करायचा हे कोणालाच सुचलं नाही.

अंत्यविधी शनिवारी ठरला. अर्वेलाने टेबल दुसऱ्या कोणाच्या हाती देणं शक्य नव्हतं, आणि गावाचीही तीच अपेक्षा होती. परक्यांचे अल्बम इतके सुंदर केले, स्वतःच्या मुलाचा कसा करते बघू. तिच्याकडे प्रोव्हो शहरातून आणलेला अ‍ॅक्रिलिकचा एक कोरा अल्बम होता. त्या वर्षी ह्या नव्या प्रकाराचं बायकांना फार वेड लागलं होतं. पानं कागदाची नाहीतच, काचेसारखी आरपार. कडेला भोकं पाडून कड्यांत ओवलेली. तिने तो नातीच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवला होता. खिडकीपाशी टेबल असतं, उजेड पानांतून जाईल, थेन त्या उजेडात चांगला दिसेल, असं तिच्या मनात आलं आणि बुधवारी तिने अल्बम काढला.

पानांच्या दोन्ही बाजूंचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा सोलला. बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून सुती मोजे घातले. आरपार पानावर फोटो लावायचा तर त्याची पाठही दिसते, म्हणून दोन फोटो पाठीला पाठ लावून चिकटवावे लागतात, हे तिला ठाऊक होतं. एका बाजूला बाळ थेन, दुसऱ्या बाजूला बोळक्या तोंडाचा थेन. एका बाजूला शिंगरावर बसलेला, दुसऱ्या बाजूला काळ्या सुटातला. आठ पानांपैकी चार संध्याकाळच्या आत भरली. बाळपणाच्या फोटोंना तोटा नव्हता.

गुरुवारी सकाळी ती उरलेल्या चार पानांकडे वळली आणि तिने शेल्फातून पुढच्या वर्षांचे अल्बम काढले. एक उघडला, दुसरा उघडला. जेवणाच्या वेळेपर्यंत अकराही उघडे पडले होते. एकोणीस वर्षांनंतरच्या थेनचा एकही चेहरा घरात नव्हता. तिने मुलीला, केलीनला, फोन करून विचारलं, तुझ्याकडे असेल ना एखादा? केलीन म्हणाली, "आई, आमच्याकडे तूच दिलेले फोटो आहेत. कॅमेरा कायम तुझ्याच हातात असायचा."

दुपारी गुरुवारच्या बायका आल्या. ह्या वेळी हातांत फोटो नव्हते, बटाट्यांचे ट्रे होते, वर चीज आणि कुस्करलेले कॉर्नफ्लेक्स घातलेले. बिशपची बायको नडीन आणि बाकीच्या दारातच म्हणाल्या, आम्ही मदत करतो, तू बस. अर्वेलाने ट्रे घेतले आणि दार लोटून घेतलं. बायकांना वाटलं, दुःखाने.

खोलीत परतल्यावर तिने दात साफ करायचा दोरा घेतला. चिकटलेला फोटो सोडवायचा तर हाच उपाय. दोरा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा ओढायचा. एकेक फोटो तिने कागदावरून सोडवला आणि मग त्यावरची कागदी फुलंही सोडवायला घेतली. पहिल्या फुलाखाली केलीनच्या खांद्यावर ठेवलेला हात निघाला. अंगठ्याच्या नखाला काळा डाग होता. दुसऱ्या फुलाखाली चेकच्या शर्टाचं कोपर निघालं, तिसऱ्या फुलाखाली चिखलाचा बूट, आणखी कुठे नातवाच्या डोक्यावर टेकवलेली चार बोटं. एवढाच थेन शिल्लक होता. ती मोजे काढून त्या हातावर बोट फिरवत बसली आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली. डॉर्विन दारापर्यंत आला, आत बघून तसाच मागे फिरला.

ते तुकडे तिने पानांवर ठेवून पाहिले. कागदाच्या अल्बममध्ये कापलेली कड झाकायला शंभर युक्त्या असतात, मागे रंगीत कागद घालता येतो, कडेने फीत लावता येते. इथे काहीच झाकत नव्हतं. फोटो जिथे कापला होता तिथे तो संपत होता आणि त्यापुढे टेबलाचं लाकूड दिसत होतं. पान उलटलं तर पाठ दिसत होती, आणि पाठीवर तिच्याच अक्षरात मधोमध नावं: डॉर्विन, केलीन, मुलं, आणि सगळ्यात शेवटी थेन. पाठीला पाठ लावायला दुसरा फोटो हवा होता. एक तरी हवा होता, सबंध चेहऱ्याचा.

शुक्रवारी सकाळी ती डोंगर ओलांडून जोलीनकडे गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पत्र्याचं लांबट घर होतं, पायऱ्यांवर बर्फ तसाच. जोलीनने दार उघडलं. तिच्या अंगात थेनचा स्वेटर होता. आत या म्हणायला तिने वेळ घेतला, पण म्हणाली. अर्वेलाने कशासाठी आले ते उभ्याउभ्याच सांगितलं.

जोलीनने फ्रिजकडे बोट केलं. चुंबकाखाली एकच फोटो होता. थेन आणि जोलीन गालाला गाल लावून, थेनच्या हातात बिअरचा डबा, तोंड भरून हसतोय. त्याला दाढी होती, तांबूस, छातीपर्यंत येणारी. नाताळला यायचा तेव्हा ती बांधून कॉलरच्या आत खोचलेली असायची, आणि अर्वेलाने कधी नीट पाहिलीच नव्हती. दाढीमुळे तो तिच्या बापासारखा दिसत होता. ती फ्रिजसमोर उभी राहिली ती हललीच नाही.

"कात्री आणलीय का?" जोलीनने मागून विचारलं.

अर्वेलाने मान हलवून नाही म्हटलं.

"त्याला माहीत होतं, मिसेस मिकल्सन. केलीनच्या घरी त्याने एकदा अल्बम पाहिला होता. तेव्हापासून तो मुद्दाम टोकाला उभा राहायचा. मी म्हणायची, जातोस कशाला मग? तर म्हणायचा, मधे उभा राहिलो तर आई आख्खा फोटो टाकून देईल, मग पोरांचेपण जातील. टोकाला राहिलं की तिला कापायला सोपं पडतं."

हे सांगताना जोलीनच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते अर्वेलाला सोसेना. ती खुर्चीवर बसली. जोलीनने स्वतःसाठी कॉफी ओतली, तिच्यापुढे पाणी ठेवलं. मग ती म्हणाली, "आत्ता नाही देणार. उद्या मी येईन तेव्हा आणीन. तुमचा अल्बम आधी बघीन आणि मग काय ते ठरवीन. आणि लावलात तर आख्खा लावायचा. माझ्यासकट, डब्यासकट."

अर्वेला हो म्हणाली. मनापासून म्हणाली. मग जोलीन फोटोतल्या दाढीवर बोट ठेवून म्हणाली की ही तो कोणाला हात लावू द्यायचा नाही, फक्त मीच विंचरायची. तेव्हा अर्वेलाला आठवलं. बुधवारी सकाळी अंत्यविधीच्या व्यवस्थापकाचा फोन आला होता. सूट कुठला, टाय कुठला, भजन कुठलं, असं विचारत विचारत त्याने दाढीचंही विचारलं होतं, आणि ती पापुद्रे सोलता सोलता म्हणाली होती, काढून टाका, स्वच्छ करा. हे तिने जोलीनला तिथेच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर फोटो गेला असता. तिने पाणी संपवलं आणि निघाली. गाडीतून व्यवस्थापकाला फोन केला. तो म्हणाला, काल दुपारीच केलं, फार छान दिसतोय.

शनिवारी टेबल खिडकीपाशी लागलं. हातमोजा नाही, शिंगं नाहीत, फक्त अल्बम. चार पानांवर बाळपण आणि तीन पानांवर ते तुकडे, कापलेल्या कडांसकट. पाठीवरची नावं उघडी. शेवटचं पान तिने कोरं ठेवलं होतं. ती स्वतः टेबलामागे उभी राहिली, जी जागा तिने आजवर दुसऱ्यांच्या विधवांना दिली होती.

सगळ्यात आधी नडीन आली. पानं उलटत ती पाचव्यापाशी थांबली. हळूच जवळ येऊन, चर्चमधल्या बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात तशी, म्हणाली, "सिस्टर मिकल्सन, हे अजून अर्धवट राहिलंय का? मी बाजूला ठेवू? कोणी काही म्हणणार नाही."

"अर्धवट नाही," अर्वेला म्हणाली. "बाकीचा थेन मी कापला. दर नाताळला आणि दर जुलैला. अकरा वर्षं."

मागच्या बाईनेही ऐकलं होतं. मग अर्वेला रांगेतल्या प्रत्येकाला तेच सांगत गेली, विचारलं त्यांना आणि न विचारलं त्यांनाही. कोणी तिचा हात दाबला, कोणी कोटाची बटणं चाचपत पुढे सरकलं. गुरुवारच्या बायका एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या. घरोघरी असे कापलेले अल्बम होतेच. डॉर्विन येऊन तिच्याशेजारी उभा राहिला, पण त्याने तिला थांबवलं नाही.

जोलीन शेवटी आली, कारखान्यातल्या दोन बायकांबरोबर. तिने अल्बम पहिल्यापासून पाहिला, घाई न करता. हातापाशी थांबली. काळ्या डागावर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "दारात चेमटलं होतं." नावं वाचली. कोऱ्या पानापाशी आली तेव्हा तिने अर्वेलाकडे पाहिलं, पिशवी उघडली आणि फोटोचं पाकीट काढून टेबलाच्या कडेवर ठेवलं. त्यावर हात मात्र तसाच होता.

"आधी त्याला बघून येते," ती म्हणाली, आणि पाकीट घेऊन पेटीकडे गेली.

अर्वेलाला धावत जाऊन तिला अडवावंसं वाटलं. ती टेबलामागेच उभी राहिली. पेटीपाशी जोलीन वाकली. वाकलेली तशीच राहिली. बरोबरच्या दोघींपैकी एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग जोलीन सरळ झाली आणि टेबलापाशी परत आली. ती रडत नव्हती.

"दाढी कोणी काढली?"

खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. व्यवस्थापक भिंतीपाशी उभा होता. त्याचं नाव घेता आलं असतं, तो बिचारा काही बोललाही नसता.

"मी," अर्वेला म्हणाली. "बुधवारी. फोनवर सांगितलं."

"काल माझ्या घरात बसला होतात तेव्हा माहीत होतं?"

"हो."

जोलीनने पाकीट पिशवीत घातलं आणि चेन लावली. दोघी बायकांना घेऊन ती मागच्या बाकावर जाऊन बसली, कोट न काढता.

मग बिशप आला आणि म्हणाला, पेटी बंद करायची वेळ झाली, घरच्यांनी एकदा बघून घ्या. केलीन आली, तिची भावंडं आली. अर्वेला पेटीपाशी गेली. आतल्या मुलाची हनुवटी गुळगुळीत होती, केस एका बाजूला चापून बसवलेले, टाय सरळ. तो एकोणीस वर्षांचा दिसत होता. तिने अल्बममध्ये ठेवलेला शेवटचा थेन हाच होता. दुसऱ्याचा चेहरा कसा होता ते आठवायचा तिने प्रयत्न केला, फ्रिजवरच्या त्या माणसाचा, आणि तिला फक्त दाढी आठवली. डॉर्विनने तिचा दंड धरला. व्यवस्थापकाने झाकण खाली घेतलं.